घराखालचा माणूस

"वर कोण चालतंय?" घराखालून डेल्मरचा आवाज आला.

घराच्या तळाभोवती लावलेल्या झालरीचा एक पत्रा मी काढून ठेवला होता, त्या भोकापाशी उलट्या बादलीवर बसलो होतो. माझे गुडघे आता घराखाली शिरायच्या लायकीचे राहिलेले नाहीत. त्यामुळे माझ्याकडे काम दोनच: बॅटरीचा उजेड धरायचा आणि बडबड करायची. बडबडीचे मी पैसे घेत नाही.

"कोणी नाही," मी म्हटलं.

"मिस रूथॅन असतील."

"मिस रूथॅन इथे माझ्या शेजारी उभ्या आहेत. हातात बर्फ घातलेल्या चहाचा ग्लास आहे, तुझ्यासाठी. लवकर बाहेर आला नाहीस तर तो मी पिणार."

मग अगदी हळू, "दाराकडून स्वयंपाकघराकडे गेला. उजवा पाय ओढतोय."

मी रूथॅन मेबकडे पाहिलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, पाच फुटांच्या आतली. ती दचकली वगैरे नाही. तिने ग्लास माझ्या हातात दिला आणि पदराला पुसावेत तसे हात एप्रनला पुसले.

"क्लिफ्टन असेल," ती म्हणाली. "या सुमाराला पाणी प्यायला उठतो."

तिच्या नवऱ्याला, क्लिफ्टन मेबला, जाऊन येत्या मार्चला सहा वर्षं होतील. त्याच्या शवपेटीचा पुढचा डावा कोपरा माझ्या खांद्यावर होता, त्यामुळे तो गेला एवढं तरी मी शपथेवर सांगू शकतो.

आमच्या या लॉरेल बेंड वस्तीत मला ओळखणारी माणसं माझ्या बोलण्यातून निम्मं वजा करून उरलेलं ऐकतात. सतरा नंबरचं घर वादळात उडून अठरा नंबरच्या जागी बसलं आणि अठराचं सतराच्या जागी, दोन्ही कुटुंबं आठवडाभर एकमेकांच्या घरात राहिली आणि तक्रार केली ती फक्त कुत्र्याने, ही गोष्ट मी चाळीस वर्षं सांगतोय. त्यातला कुत्रा खरा आहे. पण डेल्मर स्टॅम्परची गोष्ट सांगताना मी हात आखडता घेणार आहे, कारण हा माणूस कधी खोटं बोलला नाही. एकदाच बोलला. त्याचीच ही गोष्ट.

डेल्मरचा धंदा घरं बसवण्याचा. आमच्याकडची घरं कारखान्यातून चाकांवर येतात, मागून ट्रक ढकलतो की पुढून ओढतो हे रस्त्यावर अवलंबून. घर प्लॉटवर आलं की डेल्मर त्याच्याखाली शिरे, जॅक लावून उचले, सिमेंटचे ठोकळे रचे आणि त्यावर घर टेकवे. मग ‘ट्रेलर’ हा शब्द फक्त शेजारच्या गावातल्या लोकांच्या तोंडी उरायचा. आमच्यासाठी ते घर. लॉरेल बेंडमधली एकसष्ट घरं त्याने बसवली. पुढे तीच घरं दर दोनचार वर्षांनी कलली की परत सरळ केली. म्हणजे त्याचं निम्मं आयुष्य माणसांच्या पायाखाली गेलं. त्यामुळे आम्हां सगळ्यांना तो चेहऱ्यापेक्षा पावलांवरून जास्त ओळखे. बाजारात एखादी बाई समोर आली की हा आधी तिच्या बुटांकडे बघणार आणि मग म्हणणार, "बेचाळीस नंबरचं घर. पाठ सुधारली वाटतं."

तर तो बाहेर आला. आधी टोपी, मग कोळ्यांची जाळी, मग डेल्मर. एकाहत्तर वर्षांचा, वाळक्या दोरासारखा. चहा मी निम्माच प्यायला होतो, तो त्याने संपवला.

"सांगाडा चांगला आहे मिस रूथॅन," तो म्हणाला. "गंज वरवरचा. हुक पण आहे पुढे. ओढून नेता येईल."

"मग नेऊ या."

"चाकं नाहीत."

"ते मला माहितीय बाळा," रूथॅन म्हणाली. "ती तूच नेलीस."

डेल्मरने टोपी काढली, आत बघितलं, परत घातली.

आता हे चाकांचं सांगायला हवं. तीसेक वर्षांपूर्वी कारखानेवाले जुने ॲक्सल, म्हणजे चाकांचे दांडे, आणि चाकं परत विकत घेत असत. डेल्मर दारोदार गेला. म्हणाला, घर आता बसलं, ते कुठे जाणार आहे? खाली चाकं ठेवून काय, उंदरांना फिरायला न्यायचंय? लोक हसले आणि हो म्हणाले. जमीन म्हाताऱ्या प्रुइटची होती, भाडं इतकं कमी की तो ते मागायला विसरे आणि आम्ही आठवण करून द्यायला लाजायचो. कोण कशाला चाकं राखून ठेवेल? डेल्मरने साठ घरांखालचे ॲक्सल काढले, विकले आणि बोट घेतली. बोट तिसऱ्या आठवड्यात तळ्यात बुडाली. बुडताना सुकाणूवर एक मासा बसलेला मी पाहिला, पण ते सोडा.

साठ घरांखालचे. एकसष्टावं त्याचं स्वतःचं. त्याची बायको लॉर्ना म्हणाली होती, "माझ्या घराखालची राहू देत. बाईमाणसाला कधी निघावंसं वाटलं तर?" दोन वर्षांनी तिला निघावंसं वाटलं. ती बसने गेली. पण डेल्मर दर वसंतात त्या चाकांना ग्रीस लावत राहिला.

मग म्हातारा प्रुइट गेला, आणि त्याच्या मुलांनी आमच्या पायाखालची जमीन विकली. घेणारी कंपनी कुठल्या राज्यात आहे तेही आम्हांला नीट कळलं नाही. घेतली म्हणे कर्जावर, आणि कर्जाला हमी म्हणे सरकारची, म्हणजे फिरून आमचीच. फाटकावर नवीन पाटी आली, त्यावर सूर्यफूल. पत्रपेट्या हिरव्या झाल्या. दोन वर्षांत भाडं दुप्पट झालं. घर आमचं, जमीन त्यांची. जमिनीचं भाडं भरता येत नसेल तर घर उचला आणि जा, असं कागदात लिहिलेलं. आणि उचलायला चाकं नाहीत.

निवडणुकीचं वर्ष होतं. लाल टोपीवाला उमेदवार आला, रूथॅनच्या ओसरीतल्या खुर्चीत बसला, तिचा ॲपल पाय खाल्ला आणि म्हणाला, हे सगळं त्या लोकांनी केलंय. पुढच्या शनिवारी निळ्या जाकिटातली बाई आली, त्याच खुर्चीत बसली, त्याच ॲपल पायचा उरलेला तुकडा खाल्ला आणि तेच म्हणाली. दोघांनी फोटो काढले. मी दोघांनाही मत द्यायचं वचन दिलं. एकालाच फसवता आलं, याचं वाईट वाटतं.

एकेक घर रिकामं होत गेलं. ज्याला झेपेना तो मुलाकडे, मुलीकडे, गाडीत, कुठे कुठे गेला. आठवड्याने पिवळं यंत्र यायचं आणि सकाळच्या न्याहारीच्या आत घर चावून गिळायचं. मागे सिमेंटचा चौथरा उरे, मीटरचा खांब उरे आणि दाराशी जाणाऱ्या पायऱ्या उरत, ज्या आता कुठेच जात नसत. एकसष्टातली एकोणीस घरं राहिली होती. त्या रिकाम्या चौथऱ्यांवरून आम्ही सगळे आडवे जायचो, जवळचा रस्ता म्हणून. डेल्मर कधी गेला नाही. कडेकडेने वळसा घालायचा.

"अरे, सरळ ये की," मी एकदा ओरडलो.

"इथे वायबर्नची बैठकीची खोली आहे," तो म्हणाला. "माणसाच्या बैठकीतून कसं जायचं?"

वायबर्न तेव्हा शहरातल्या कुठल्याशा बेघरांच्या निवाऱ्यात होता. पण डेल्मर सांगे की त्या चौथऱ्यापाशी उभं राहिलं की खोकला येतो ऐकू. मी थट्टा केली. मग एकदा संध्याकाळी मीही वळसा घातला. का घातला ते मला विचारू नका.

रूथॅनने तीन महिने औषधाच्या गोळ्या अर्ध्या करून भाडं भरलं. चौथ्या महिन्यात जमलं नाही. कोर्टाने तीस दिवस दिले. नोटीस घेऊन आली ताशा कोम्ब्स, कंपनीची इथली व्यवस्थापक. ताशा आमच्या बावीस नंबरात लहानाची मोठी झालेली. ही नोकरी मिळाली म्हणून तिच्या आईने सगळ्यांना केक वाटला होता.

"मी फक्त कागद देते मिस रूथॅन," ती पायरीवरच उभी राहून म्हणाली. "साहेब फोनवर असतात. मी त्यांना कधी पाहिलं पण नाही."

"मग ते आहेत हे तुला कसं माहीत?" रूथॅनने विचारलं. "आत ये. बिस्किटं गरम आहेत."

ताशा आत आली नाही. बिस्किटं मात्र रुमालात बांधून घेऊन गेली.

रूथॅनला जायला जागा नव्हती असं नाही. तिची भाची नोरीन चौदा मैलांवर राहते, डोंगराच्या पलीकडे. तिच्या घरात एक खोली रिकामी होती. "मावशी, तू आणि तुझी बॅग, एवढंच आण," नोरीन म्हणाली. आणि घरच आणायचं असेल तर मक्याच्या शेताच्या कडेला जागा आहे, भाडं नाही, असंही म्हणाली. कुणीही शहाणं माणूस बॅग घेऊन गेलं असतं.

"घराशिवाय मी जाणार नाही," रूथॅनने मला सांगितलं. "मी गेले की ते यंत्र येणार. तो आत असताना."

त्या दिवशी डेल्मर घराखाली शिरला तो यासाठी. चहा संपवून, टोपी घालून तो म्हणाला, "चाकं मी आणतो," आणि निघाला.

दोन आठवडे तो ॲक्सल शोधत फिरला. मी गाडी चालवायचो, तो खिडकीबाहेर बघायचा. शेवटी एका भंगारवाल्याकडे चार पडलेले सापडले. त्याने सांगितलेली किंमत ऐकून मी खाली बसलो.

"याला काय सोन्याचा मुलामा आहे?" मी म्हटलं.

"बाहेरच्या लोखंडावर कर बसला ना आजोबा," भंगारवाला म्हणाला. "तेव्हापासून जुनं लोखंड पण भाव खातंय."

"तू किती आजोबा बघितलेत रे? मी सदुसष्टचा आहे."

मी तेव्हा एकोणऐंशीचा होतो. पण मुद्दा तो नाही.

"कर कुणी बसवला?" डेल्मरने विचारलं.

"तुम्ही मत दिलंत त्याने."

"आणि त्याच्या आधी महाग होतं ते?"

"ते मी मत दिलं त्याने," भंगारवाला म्हणाला, आणि तो व डेल्मर, दोघंही त्या लोखंडाकडे बघत उभे राहिले. कुणाचा कुणावर राग नव्हता. राग धरायला समोर कुणी असावं लागतं.

परत येताना डेल्मर फाटकातून आत शिरल्यावर म्हणाला, "माझ्याकडे थांबव."

त्याच्या घराखालची झालर त्याने स्वतःच उघडली. आत दोन ॲक्सल, चार चाकं. रबर तडकलेलं, पण लोखंड असं चमकत होतं की काल बसवलंय म्हणावं. सत्तावीस वसंतांचं ग्रीस.

"लॉर्नाची आहेत ती," मी म्हटलं.

"हो."

"ती परत आली तर?"

"आली तर चालत येईल," डेल्मर म्हणाला. "जॅक दे."

ॲक्सल काढायला दोन दिवस लागले. घर उचलावं लागलं, मधले ठोकळे हलवावे लागले. घर परत टेकलं ते वाकडं टेकलं. त्याच्या स्वयंपाकघरात संत्रं ठेवलं तर ते घरंगळत न्हाणीघरापर्यंत जाई. मी तीनदा ठेवून पाहिलं. "नंतर बघू," तो म्हणाला. नवे टायर घेतले, आणि त्यात त्याचं त्या महिन्याचं जमिनीचं भाडं गेलं. हे त्याने मला सांगितलं नाही. ताशाने सांगितलं, तेही भिंतीकडे तोंड करून.

ॲक्सल रूथॅनच्या घराखाली चढले त्या संध्याकाळी आम्ही तिघं तिच्या ओसरीत बसलो होतो. तिने राजमा आणि मक्याचा पाव केला होता. जेवताना ती म्हणाली, "डेल्मर, एक विचारू?"

"विचारा."

"घर नेलं तर तो येईल ना? का तो जागेचा आहे?"

डेल्मरने पाव खाली ठेवला.

"मी रात्रंदिवस हाच विचार करते," ती म्हणाली. "मांजर जागेचं असतं. कुत्रं माणसाचं असतं. मेलेला माणूस कशाचा असतो ते मला कुणी सांगितलेलं नाही. आणि पाद्रीला विचारायची सोय नाही, तो म्हणतो क्लिफ्टन स्वर्गात आहे. स्वर्गात असता तर माझा ग्लास जागचा हलला नसता."

"तो फरशीवरून चालतो मिस रूथॅन," डेल्मर सावकाश म्हणाला. "मातीवरून नाही. मी खालून ऐकलंय. फळ्या वाजतात. फळ्या तुमच्याबरोबर येणार."

"म्हणजे येईल."

"यायला पाहिजे."

"पाहिजे नको. नक्की सांग. नाहीतर मी इथेच खुर्ची टाकते आणि त्या यंत्राला सांगते, आधी मला उचल."

ती ते करणार होती. जे रूथॅनला ओळखतात त्यांना त्यात शंका नाही.

"तिथे घर बसवलं की मी खाली जाऊन ऐकेन," डेल्मर म्हणाला. "आला नसला तर तसं सांगेन, आणि हेच घर उलट ओढून इथे आणेन. कंपनी गेली खड्ड्यात."

रूथॅनने त्याच्या ताटात आणखी राजमा वाढला. म्हणजे तिचं समाधान झालं.

घर ओढायला वाईली आला मंगळवारी सकाळी. मोठा माणूस, त्याहून मोठा ट्रक. पुढे झेंडे लावलेली एक गाडी, मागे माझी. वाईलीने नियम सांगितला: घर हलताना आत कुणी नसलं पाहिजे. माणूस नाही, कुत्रं नाही, कोंबडी नाही.

"एक मिनिट," रूथॅन म्हणाली. ती पायऱ्या चढली, दार उघडलं, आणि उंबऱ्यातून आत बोलली. आवाज न चढवता, रोज बोलायची तसं.

"क्लिफ, आपण नोरीनकडे चाललोय. तू पलंगावर बस. चालू नकोस मधे, रस्ता वळणाचा आहे. पाणी पिऊन घे आत्ताच."

ती थांबली. पाणी प्यायला जेवढा वेळ लागतो तेवढी थांबली. मग दार ओढून घेतलं आणि किल्ली एप्रनच्या खिशात टाकली. वाईलीने टोपी काढून छातीशी धरली होती. आपण ती का काढली हे त्यालाही कळलं नसावं, कारण नंतर तो टोपीकडे जरा वेळ बघत राहिला.

घर हललं तेव्हा आवाज आला तो मी विसरणार नाही. एवढी वर्षं एका जागी बसलेली वस्तू उठते तेव्हा ती कण्हतेच. चौथऱ्यावर चौकोनी फिकट डाग उरला आणि त्यावर एक लहान मुलाचा लाल बूट, कुणाचा ते रूथॅनलाही सांगता आलं नाही.

चौदा मैलांना तीन तास लागले. डोंगराच्या वळणांवर पुढची गाडी येणाऱ्यांना थांबवायची, घर पूर्ण रस्ता अडवून अंगावर आल्यासारखं यायचं. लोक गाड्यांतून उतरून कडेला उभे राहत. एका दुकानाबाहेर तीन म्हातारे बाकावरून उठले. आमच्याकडे शवयात्रा जाताना लोक असेच उभे राहतात, रस्त्यात गाड्या थांबवून, ओळख असो नसो. रूथॅन माझ्या आणि डेल्मरच्या मधे बसली होती. समोर तिच्याच झोपण्याच्या खोलीची खिडकी हलत चालली होती, पडदा लावलेला. तिने एकदाही नजर काढली नाही.

"पडदा हलला," ती एका वळणावर म्हणाली.

"वारा," मी म्हटलं.

"खिडकी बंद आहे, हॉबर्ट."

मी गाडी चालवण्याकडे लक्ष दिलं.

नोरीनच्या शेताच्या कडेला डेल्मरने दुपारभर घर बसवलं. एकटाच. वाईलीने मदत देऊ केली ती त्याने घेतली नाही. शेवटचा ठोकळा बसला तेव्हा ऊन उतरलं होतं. नोरीन पोरांना घेऊन कुंपणापाशी उभी होती.

"आता कुणी हलू नका," डेल्मर म्हणाला. "वर कुणी जाऊ नका. बोलू नका. हॉबर्ट, विशेषतः तू."

तो खाली शिरला.

मी बादली आणली नव्हती, म्हणून गवतावर आडवा झालो आणि भोकातून आत बघितलं. उजेड पुरेसा होता. तो उताणा पडला होता, घराच्या बरोबर मध्यावर, डोळे मिटून. एक तळहात वरच्या फळ्यांना लावलेला, डॉक्टर छातीला लावतो तसा. मीही कान दिला. मक्याची पानं वाजत होती. कुठेतरी गाय होती. वर काही नव्हतं. पाचएक मिनिटं गेली. त्याचा हात जागचा सरकला, पुढे दाराकडे, मग स्वयंपाकघराकडे, चाचपत. परत दाराकडे. मी इतका वेळ गप्प आयुष्यात राहिलो नव्हतो. मग त्याने हात खाली घेतला आणि स्वतःच्या छातीवर ठेवला, आणि तसाच पडून राहिला, मी मोजायचं सोडून दिलं तोवर.

बाहेर आला तेव्हा रूथॅन त्याच्यासमोर उभी होती. तिने एप्रनचा खिसा मुठीत धरला होता.

"आलाय," डेल्मर म्हणाला.

"कुठे गेला?"

"पलंगावरून उठला. स्वयंपाकघराकडे. जरा अडखळतोय."

"वळणांनी," रूथॅन म्हणाली. "त्याला गाडी लागते. पहिल्यापासून." तिने किल्ली काढली, पायऱ्या चढली, आणि दार उघडून आत गेली. खिडकीतून तिचा आवाज येत होता, "बस, बस. मी देते."

मी साठ वर्षं खोटं बोलतोय. चांगलं खोटं कसं दिसतं ते मला कळतं. ते डोळ्यांत बघून बोललेलं असतं, आणि त्यात एक बारीक तपशील असतो, अडखळण्यासारखा, जो खरं बोलणाऱ्याला सुचत नाही. पहिल्याच प्रयत्नाला इतकं सफाईदार मी कुणाचं ऐकलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर मी विचारलं, "खरंच ऐकलंस?"

"तू कधीपासून खरं विचारायला लागलास?" तो म्हणाला.

लॉरेल बेंडला पोचलो तेव्हा अजून उजेड होता. रूथॅनच्या प्लॉटपाशी तो म्हणाला, थांब. मी इंजिन बंद केलं. चौथरा, खांब, पायऱ्या. डेल्मर उतरला आणि चौथऱ्याच्या कडेने चालत गेला, जिथे दार असायचं तिथपर्यंत. तिथे उभा राहिला. मान जराशी कलती.

इथे मी काहीही भर घालणार नाही. घालण्यासारखं खूप होतं. माझ्या खिडकीची काच खाली होती आणि वारा पडलेला होता, एवढंच सांगतो. आणि सिमेंटवर बुटाचा तळ घासल्यासारखं काहीतरी, एक पाऊल आणि मग एक घासटणं, असं मला वाटलं. ते पानही असेल. झाड जवळ एकही नाही, पण असेल.

डेल्मर सगळ्यात वरच्या पायरीवर बसला. बराच वेळ. मग चौथऱ्याकडे तोंड करून म्हणाला, "क्लिफ. चूक माझी. चाकं मीच नेली होती. ती आता तिकडे बरी आहे. इथे उघड्यावर थांबू नकोस. माझ्याकडे ये. पलीकडच्या गल्लीत, एकसष्ट नंबर."

तो उठला आणि माझ्या गाडीत बसला नाही. चालत निघाला. सावकाश, एखाद्याच्या वेगाशी वेग जुळवावा तसा.

त्याची नोटीस आधीच दाराला लावलेली होती. ताशाने तारीख दोन आठवडे पुढची टाकली होती, तिला झेपेल एवढं तिने केलं. त्याने कागद नीट घडी करून टेबलावर ठेवला. कोर्टात गेला नाही. शहरातल्या म्हाताऱ्यांच्या इमारतीत नाव नोंदवलं, तिथे वाट बघणाऱ्यांची यादी मोठी होती. मी माझ्या बाहेरच्या खोलीतला सोफा देऊ केला. "बघू," म्हणाला.

यंत्र यायचं होतं सोमवारी. शनिवारी सकाळी मी त्याच्याकडे गेलो तर सामान बांधलेलं नाही, आणि डेल्मर घराखाली.

"काय करतोयस?"

"घर सरळ करतोय. वाकडं टेकलंय."

"डेल्मर, सोमवारी तोडणार आहेत ते."

"माहितीय."

"मग?"

त्याचं डोकं बाहेर आलं. टोपीला जाळी लागली होती.

"लंगड्या माणसाला उतारावर चालायला त्रास होतो," तो म्हणाला. "दोन दिवस तर दोन दिवस. हे धर."

त्याने माझ्या हातात एका लांब पारदर्शक नळीचं टोक दिलं. नळीत लाल रंग घातलेलं पाणी होतं, दोन्ही टोकांची पातळी बघायला, आणि नळीवर एक खूण केलेली. दुसरं टोक घेऊन तो घराच्या पलीकडच्या कोपऱ्याला गेला. मला दिसेनासा झाला, फक्त आवाज येत होता.

"सांगाड्याला लावून धर. हलवू नकोस. पाणी कुठे आहे?"

"खुणेच्या बोटभर वर."

जॅकचा दांडा फिरल्याचा आवाज. घर कुरकुरलं.

"आता?"

"अर्धं बोट."

पुन्हा दांडा. पलीकडे त्याचा श्वास ऐकू येत होता, एकाहत्तर वर्षांचा. माझे गुडघे दुखत होते, पण मी ओणवा राहिलो आणि नळी दोन्ही हातांनी धरली. लाल पाणी वर गेलं, खाली आलं, वर गेलं, थरथरलं. मग खुणेवर येऊन उभं राहिलं.

"आता?" डेल्मरने विचारलं.

"बरोबर आहे," मी म्हटलं. खरंच होतं.